घट धरताना

वसमतला, मोंढ्याच्या मागच्या अंगाला
आमचा साठ टनी भुईकाटा.
केबिनमध्ये दोन पडदे.
एकावर ट्रकचं वजन,
दुसऱ्यावर निफ्टीची ऑप्शन चेन.
कधीकधी दोन्हीकडं एकच आकडा दिसतो,
चोवीस हजार तीनशे वीस,
आणि दोन्हीकडं तो थरथरत असतो.

ट्रकचं सोपं आहे.
मी काच वाजवतो, इंजिन बंद कर रे,
आकडा बसतो, पावती निघते.
त्या दुसऱ्या पडद्याचं इंजिन
कुणाच्या पायाखाली आहे
हे नऊ वर्षांत कळलं नाही.

म्हणून मी थरथर मोजायला शिकलो.
आजचा बंद भाव भागिले कालचा, त्याचा लॉग,
वीस दिवसांचं प्रमाण विचलन,
गुणिले दोनशे बावन्नचं वर्गमूळ.
बारावीला गणितात दोनदा आपटलेला मी,
आता झोपेत विचारा :
पंधरा पूर्णांक सत्त्याऐंशी.

त्या शुक्रवारी माझा अंदाज अकरा टक्के,
बाजार सोळा मोजायला तयार.
म्हणजे भीती महाग होती. विकली.
वर कॉल, खाली पुट, मध्ये माझा शनिवार-रविवार.
शुक्रवारी विकायचं,
दोन दिवस बाजार झोपलेला असताना
प्रीमियम विरघळू द्यायचा,
हा माझा नेम होता.
अकरा महिने मी अशी फुकटची घट खाल्ली
आणि तिला अभ्यास म्हणालो.

रविवारी दुपारी समुद्रापलीकडं कुठंतरी काहीतरी झालं.
आमच्याकडं तेव्हा वीज नव्हती,
चंद्रकला गच्चीवर कुरडया उलथत होती.
सोमवारी सव्वानऊला निफ्टी सहाशेनं खाली उघडली.
मधल्या भावांना ती शिवलीच नाही.
माझा स्टॉपलॉस त्या मधल्या भावांतच
उभा होता, एसटी निघून गेलेल्या
फाट्यावरच्या माणसासारखा.

दुपारी खदीरभाई आला, हळदीचा नमुना घेऊन.
कांडी कानाशी नेऊन मोडली. कट्.
"अकरा टक्के ओल," म्हणाला.
मीटर लावला : अकरा पूर्णांक दोन.
मग माझ्या पडद्याकडं वाकला.
"काय मोजायलास?"
भाव किती हलेल ते. कुठं जाईल ते नाही.
"म्हंजे गाव माहीत नाही, खड्डे माहीत."
तसंच.
"आन् हे दोनशे बावन्न?"
वर्षात बाजार चालू असतो तेवढे दिवस.
"राहिलेले?"
त्या दिवशी भाव हलत नाही, खदीरभाई.

त्यानं कांडीचा तुकडा कीबोर्डवर ठेवला.
"मोंढा बी रविवारी बंद असतो.
हळद वाळायची थांबती व्हय?
शनिवारचं पोतं सोमवारी काट्यावर टाक,
पाव-अर्धा किलो कमीच भरल.
आम्ही आधीच घट धरताव.
तू खातूस, धरत नाहीस."

तो गेल्यावर शीटमध्ये एक रकाना वाढवला.
वर लिहिलं : रविवार.
खाली काय भरायचं ते अजून सुचलेलं नाही.
आठाच्या बटणावर पिवळं बोट उमटलंय,
पुसलं तर पसरतं.

संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला.
चंद्रकलेला आकडा कसा सांगावा
याचा हिशेब लागेना,
म्हणून उगीच काट्यावर जाऊन उभा राहिलो.
दहा-दहा किलोंनीच मोजणारं यंत्र ते,
सदुसष्ट किलोंच्या माणसाचं काय करणार.
काचेतून दिसत होतं :
सत्तर. साठ. सत्तर. साठ.
मी श्वास धरून बघितला.
इंजिन तर कुठलंच चालू नव्हतं.